'डिमांड'च्या पुढे 'ऑफ' ठोकण्याआधी: या चुका टाळा

मार्केट यार्डाजवळच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात इंग्रजी पत्राचा कच्चा कागद आला की मी आधी 'डिमांड' शोधतो. पुढे बहुतेक वेळा 'ऑफ' असतोच. 'डिमांड ऑफ टर्मरिक'! सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, पण पत्रात ती अजून मोर्चा घेऊन निघाल्यासारखी स्वतःच मागणी करत असते.

हसू नका, मीही आपटलोय. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मालकांचं मुंबईच्या हेड ऑफिसला पत्र होतं, विषय 'अर्जंट डिमांड ऑफ वर्कर्स'. गर्दीची वेळ, मी आहे तसं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन : मागण्या लेखी घ्या, आम्ही येईपर्यंत काही कबूल करू नका. मालक तणतणत दुकानात. "अवो, संप कुठनं आला? मला चार वेल्डर पायजेत!"

घोळ आपल्या 'ची'चा. 'कामगारांची मागणी' म्हणजे कामगार मागतायत, किंवा कामगार हवेत. मराठीत दोन्ही खपतं. इंग्रजीत 'डिमांड ऑफ वर्कर्स' वाचलं की मागणारे कामगारच वाटतात. जे हवंय, त्याच्या आधी 'फॉर'. माझी सवय अशी, की वाक्य मनात 'ला-ना' लावून म्हणायचं. 'हळदीला मागणी आहे', 'वेल्डरना मागणी आहे' : जमलं, तर 'फॉर'. मागणीची रक्कम आली, 'डिमांड ऑफ ५,००० रुपीज', तर मात्र 'ऑफ'ही चालतो.

हे कळल्यावर पोरं दुसऱ्या टोकाला जातात. पाण्याच्या निवेदनात 'वी डिमांड फॉर वॉटर'. इथं डिमांड क्रियापद आहे, 'फॉर' काढा : 'वी डिमांड वॉटर'. 'अवर डिमांड फॉर वॉटर' म्हणालात तर ठेवा. 'रिक्वेस्ट'चंही असंच.

'रीझन'ला 'फॉर', 'कॉज'ला 'ऑफ'. समस्येवर उपाय म्हणून 'सोल्यूशन ऑन' लिहू नका, 'टू' लिहा. 'इन्क्रीज इन प्राइस' सहसा चुकत नाही, कारण आपणही 'दरात वाढ' म्हणतो.

"काका, एकच नियम सांगा, गाडी चालू ठेवून आलोय," म्हणणाऱ्याला मी गाडी बंद करायला लावतो. एकच नियम नाही. नाम आणि त्याचा जोडीदार एकत्रच पाठ करायचे, आणि मोबाइलनं भाषांतर करून दिलं असलं तरी 'ऑफ'वर पेन्सिल फिरवायची. ते मालक अजून येतात. कागद ठेवायच्या आधीच सांगतात, "माणसं पायजेत, संप नको."