एप्रिलमधे क्रीटला चालायला जाताय? आधी गच्चीवरच्या कुंड्यांचं बघा

एप्रिलमधे आपल्या इंदूरला पारा चाळिशीला टेकायला लागतो आणि नेमकं तेव्हाच ग्रीसच्या क्रीट बेटावर दिवसा साधारण २० अंश आणि डोंगरउतार पॉपी, ऑर्किडनी भरलेले. चालायला जायचं तर हाच महिना, पण कुंड्यांसाठी हाच सगळ्यात वाईट, म्हणून तयारी गच्चीपासून सुरू करा.

सगळे आधी पाण्याची सोय शोधतात, माझं म्हणणं आधी झाडांची तहान कमी करा. निघायच्या आठवडाभर आधी सगळ्या कुंड्या भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत किंवा हिरव्या नेटखाली एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर, लहान मधे. वर दोन-तीन बोटं सुका पाला नाहीतर उसाचं चिपाड पसरा. खत अजिबात नको, नवी पालवी फुटली की पाणी जास्त लागतं. मोगऱ्याच्या कळ्या खुडताना जीव तुटतो पण खुडा. कोरफड, अडेनियमची काळजी सोडा.

मग पाण्यासाठी नाडा. परकराचा साधा सुती नाडा घ्या, नायलॉनचा चालत नाही. बादली कुंड्यांपेक्षा उंच स्टुलावर ठेवा, नाडा पूर्ण ओला करून एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत चार बोटं खोल खुपसा, मधे कुठे लोंबकळू देऊ नका नाहीतर तिथूनच पाणी टपकतं. हे घरी असतानाच करून दोन दिवसात बादली किती उतरते ते बघा म्हणजे अंदाज येतो. बादलीला कापड बांधाच आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसात डासच डास होतात. नर्मदेचं पाणी बऱ्याच भागात दिवसाआड येतं, तेव्हा शेजारच्या काकूंना किल्ली देताना फक्त बादली भरायला सांगा, प्रत्येक कुंडीला किती पाणी ते समजावत बसू नका.

ग्रीससाठी लागणारा शेंगेन व्हिसा आधीच करा, अर्ज ६ महिने आधीपर्यंत देता येतो आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. पायांच्या सरावासाठी इंदूरजवळचे रालामंडल आणि जानापाव डोंगर आहेतच की, पण चढण्यापेक्षा उतरण्याची सवय करा, गुडघे तिथेच बोलतात. बूट नवे असतील तर इथेच घालून रुळवा.

तिथली प्रसिद्ध समारिया घळ १६ किलोमीटरची, पण ती साधारण १ मेला उघडते, एप्रिलमधे गेलात तर इंब्रोसची घळ करा, साधारण ८ किलोमीटर, बहुतेक उतारच, दोन-तीन तासात आरामात होते. फुल पँट घाला, झुडपं काटेरी असतात.

आणि चालताना थांबून पानं बघा हो! सेज या सुगंधी झुडपाचं पान हातात घेतलं तर राखाडी, लोकरीसारखं मऊ लव असलेलं लागतं, उन्हाळ्यात पाणी वाचवायची ती युक्ती. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, आपलं बरोब्बर उलटं. म्हणून आपल्याकडे रोजमेरी उन्हापेक्षा पावसाळ्यात जास्त मरते, मुळं सडून, तिला जून ते सप्टेंबर पत्र्याखाली ठेवा आणि काळ्या मातीत निम्मी जाड वाळू मिसळा. डॉग फ्लॉवर, अलिसम, स्वीट पी ही आपली सीझनची फुलं मूळची भूमध्य समुद्राकडचीच, तिथे ती हिवाळ्यातल्या पावसावर वाढून वसंतात फुलतात, म्हणून आपल्याकडे ऑक्टोबरात पेरली की मस्त येतात आणि मार्चच्या उन्हात संपतात.

बी किंवा रोपं मात्र तिथून उचलून आणू नका, परमिट आणि सर्टिफिकेटशिवाय आणायची परवानगी नाही, आणि रान तिथलंच राहू द्या. परत आल्यावर कुंड्या लगेच उन्हात काढू नका, आधी पाच-सहा दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, मग जागेवर.