बडोद्याच्या जुन्या घरात उतारवय सुखाचे जावे म्हणून करायच्या सोयी

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या घरांत आजही पुष्कळ मराठी ज्येष्ठ मंडळी राहतात. मुले नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी असतात, आणि आईवडिलांना मात्र आपले घर, आपला झोपाळा आणि ओळखीचा भाजीवाला सोडवत नाही. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा विचार करण्यापूर्वी आहे तेच घर त्यांच्या वयाला सोसेल असे करून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी फार खर्च येत नाही. मात्र घर बारकाईने पाहावे लागते, आणि प्रत्येक बदल ज्यांच्यासाठी करायचा त्यांना विचारूनच करावा लागतो. न विचारता हलवलेली वस्तू म्हातारे माणूस अंधारात जुन्या जागीच चाचपडत राहते.

घराची पहिली पाहणी रात्री करावी. वयोमानाने डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात आणि भिंग पिवळसर पडते, त्यामुळे तरुणाला पुरेसा वाटणारा उजेड सत्तरीच्या माणसाला पुरत नाही. रोज जेवढे दिवे चालू असतात तेवढेच ठेवून पलंगापासून संडासापर्यंत एकदा सावकाश चालून पाहावे आणि पाय कोठे अडखळतो, हात कशाला धरू पाहतो, हे लक्षात घ्यावे. पलंगावर पडल्या पडल्या हात पोहोचेल अशा जागी बटण बसवून घ्यावे आणि वाटेत जमिनीलगत झिरोचे दिवे लावावेत. वाटेवरच्या सतरंज्या आणि सरकणारी पायपुसणी काढून टाकावीत. उंबरठ्याच्या आणि पायऱ्यांच्या कडेवर दोन बोटे रुंदीचा पांढरा किंवा पिवळा पट्टा रंगवला की पायरी कोठे संपते ते नीट दिसते. जुन्या घरांतल्या खड्या लाकडी जिन्याला धरायला पुष्कळदा नुसता दोर टांगलेला असतो. तो वर चढताना उपयोगी पडतो, पण उतरताना त्याचा आधार डगमगता असतो, म्हणून जिन्याला दोन्ही बाजूंनी पक्का कठडा लावून घ्यावा. रात्री जाग आल्यावर लगेच उभे न राहता मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, कारण एकदम उठल्याने रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते.

न्हाणीघराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. पाटावर बसून अंघोळ करण्याची सवय अनेकांना मोडवत नाही, परंतु ओल्या फरशीवर इतक्या खालून उठताना गुडघे आणि तोल या दोहोंची परीक्षा होते. त्याऐवजी हात असलेली, पायांना रबरी टोपणे बसवलेली भक्कम खुर्ची ठेवावी. बादली जमिनीवर न ठेवता बुटक्या स्टुलावर ठेवली की वाकावे लागत नाही, आणि पितळी तांब्याऐवजी कानाचा हलका मग घेतला की मनगटाला ताण पडत नाही. निसटलेला साबण उचलायला वाकणे टाळण्यासाठी साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधून ठेवावा. हा उपाय काही पैशांचा आहे आणि फार कामाचा आहे. संडासाजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत खोल स्क्रू घालून पोलादी दांडी बसवून घ्यावी. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली नसते, त्यामुळे तिचा आधार घेण्याची सवय लागू देऊ नये. भारतीय पद्धतीचे भांडे बदलणे शक्य नसेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या दुकानांत मिळते. आतून कडी घालण्याची सवय मात्र सोडावी, किंवा बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवावे. वाड्यांतली दारे इतकी जाड असतात की आतली हाक बाहेर ऐकू जात नाही.

आता झोपाळा. गुजरातेत राहिलेल्या मराठी माणसाला झोपाळ्याशिवाय घर सुने वाटते, आणि वयस्कर माणसाने तो सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पायाने हलकेच रेटा देत बसल्याने घोटे आणि पोटऱ्या हलत्या राहतात, वारा लागतो, आणि दारावरून जाणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात. धोका असतो तो फक्त बसण्याउठण्याच्या क्षणी. म्हणून बैठक इतक्या उंचीवर टांगावी की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. साधारण 45 सेंटिमीटर उंची बहुतेकांना चालते. बसताना आधी एका हाताने कडी धरावी, पोटरीला फळीचा स्पर्श झाला की मगच खाली बसावे. उठताना झोपाळा पूर्ण थांबवून, पाय किंचित मागे घेऊन, कडीच्या आधाराने उभे राहावे. फळी घसरडी झाली असेल तर तिच्यावर पातळ गादी बांधून टाकावी, नुसती पसरू नये. वरचे आकडे आणि कड्यांचे जोड दर पावसाळ्यानंतर सुताराकडून किंवा लोहाराकडून तपासून घ्यावेत, कारण झिजलेला आकडा खालून दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि वाढत्या वयात तहान लागल्याची जाणीव मंदावते. तहान लागण्याची वाट न पाहता सकाळी पाण्याचा एक तांब्या भरून डोळ्यांसमोर ठेवावा आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो संपवावा. जेवणानंतर पातळ ताक उत्तम. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल, अथवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर किती पाणी घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

घराबाहेर पडणे मात्र सुटू देऊ नये. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात 1879 साली विश्वामित्री नदीच्या काठी उभी राहिलेली कमाटी बाग ही या शहराने म्हाताऱ्या माणसांना दिलेली मोठी देणगी आहे, असे मला वाटते. तेथे किती फेऱ्या मारल्या यापेक्षा बाकांच्या हिशेबाने फिरावे: एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत चालावे, बसावे, दम स्थिर झाला की पुढे निघावे. पायांत टाचेला पट्टा असलेली पादत्राणे असावीत. सुटी चप्पल पायातून निसटते. खंडेराव मार्केटला भाजीला जाताना एक मोठी पिशवी नेण्यापेक्षा दोन लहान पिशव्या न्याव्यात आणि दोन्ही हातांत वजन सारखे वाटून घ्यावे, पण जिना चढायचा असेल तर एक हात मोकळा राहील असे पाहावे. वाचनाची आवड असलेल्यांनी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाण्याचा वार ठरवून घ्यावा. 1910 पासूनच्या या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचाही संग्रह आहे, आणि पुस्तक परत करायचे आहे हे बाहेर पडायला पुरेसे कारण होते.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर जायचे असेल तर सकाळच्या उन्हात, गर्दी होण्यापूर्वी जावे, कठड्यापासून लांब खुर्ची टाकून बसावे आणि गळ्याभोवती रुमाल गुंडाळावा, कारण तुटलेला मांजा दिसण्याआधी लागतो.

कागदपत्रांचे काम मुलांनी फोनवरून विचारत बसण्यापेक्षा एका भेटीत पूर्ण करावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड आधारवरून निघते, आणि जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे ते आधीच पाहून ठेवावे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही देता येतो; बोटांचे ठसे पुसट झालेल्यांना हे फार सोयीचे आहे. ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा 14567 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक ठळक अक्षरांत फोनजवळ चिकटवावेत, आणि घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुरात शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते. नदीच्या बाजूला सखल भागात राहणाऱ्यांनी म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच एक पिशवी भरून वरच्या मजल्यावर किंवा उंच फळीवर ठेवावी. तिच्यात पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती, जुना का होईना पण चालेल असा चष्मा, विजेरी (टॉर्च) आणि कानाच्या यंत्राचे सुटे सेल असावेत. औषधांच्या तारखा पिशवी भरतानाच पाहाव्यात आणि ज्यांच्यासाठी ती भरली त्यांना ती कोठे ठेवली आहे हे दाखवून, एकदा त्यांच्याच हातांनी उघडून घ्यावी.