गालिच्यावर रेड वाइन सांडली तर डाग कसा काढायचा

रेड वाइन सांडली की पहिला हात जातो ओल्या फडक्याकडे, आणि मग खसाखसा पुसणं सुरू होतं. डाग पक्का करायचा याहून हमखास उपाय नाही. कार्पेटचा धागा पीळ दिलेला आणि उभा असतो. वाइन त्याच्या कडेनं खाली उतरते, मुळाशी साचते आणि तिथून पाठीच्या अस्तरात व त्याखालच्या पॅडमध्ये जाते. वरून चोळलं की ती आणखी खोल आणि आणखी लांब पसरते, शिवाय धाग्याचा पीळ सुटून टोकं पिंजली जातात. पुढे डाग निघाला तरी तेवढा भाग विस्कटलेला दिसतो. तो पीळ पुन्हा बसवता येत नाही.

म्हणून या कामात काय ओतलं यापेक्षा किती उपसलं याला जास्त महत्त्व आहे. एका ग्लासात साधारण 150 मिलि वाइन असते. त्यातली निम्म्याहून जास्त नुसत्या कोरड्या कापडानं टिपून निघू शकते, पण त्यासाठी लगेच हात चालवावा लागतो.

पहिली दहा मिनिटं

पांढरं, जाडसर सुती कापड घ्या. जुना टॉवेल किंवा बिनछापाचे पेपर टॉवेलही चालतील. रंगीत कापड किंवा नक्षीचे पेपर नॅपकिन नकोत, कारण ओले झाले की त्यांचाच रंग उतरतो आणि एकाचे दोन डाग होतात. शिवाय कापडावर किती रंग येतोय ते पांढऱ्यावरच नीट कळतं.

कापड डागावर ठेवून सरळ खाली दाबा. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डागाचा घेर वाढणार नाही. हाताचा जोर कमी पडत असेल तर कापडाची जाड घडी ठेवून तिच्यावर टाचेनं उभे राहा. कापडाची बाजू सतत बदला, भिजलेलं कापड परत दाबलं तर वाइन परत आतच जाते. सुट्टा गालिचा असेल तर खाली लगेच प्लास्टिक सरकवा, नाहीतर लाकडी फरशीही डागाळेल.

कापडावर रंग येणं जवळपास थांबलं की मगच पाणी (गालिचा रेशमाचा किंवा व्हिस्कोसचा असेल तर मात्र कोरडं टिपूनच थांबा). थंड पाणी, एका वेळी 2–3 टेबलस्पून, डागाच्या मध्यावर. लगेच टिपायचं, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा टिपायचं. पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर काढायची वेळ हीच, तो कापडापेक्षा कितीतरी जास्त उपसतो. साधा कोरडा व्हॅक्यूम मात्र ओल्या जागी अजिबात लावू नका, विजेचा धोका आहे आणि मोटरही जाईल.

मिठाबद्दल बोलायचं तर ते वरवरचा ओलावा शोषतं, एवढंच. हाताशी कापड नसेल किंवा मध्येच उठून जावं लागणार असेल तर मिठाचा जाड थर द्या, 15–20 मिनिटांनी तो चमच्यानं उचला आणि जागा वाळल्यावर व्हॅक्यूम करा. रात्रभर ठेवू नका. धाग्यांच्या मुळाशी अडकलेले खडे हवेतला ओलावा ओढत राहतात आणि ती जागा चिकट होते. लालवर पांढरी वाइन ओतायची क्लृप्तीही बरीच फिरते. ती फक्त डाग पातळ करते. ते काम पाणी करतं, आणि पाण्यात साखर नसते.

गालिचा कशाचा आहे?

इथून पुढचं सगळं धाग्यावर अवलंबून आहे. मागचं लेबल पाहा. लेबल नसेल तर कडेचा एकच तंतू ओढून काढा आणि सिंकवर चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरडली जाणारी राख उरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी तयार झाला तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. कागदासारखा जळून मऊ राख उरली तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस.

कृत्रिम धाग्यांतही फरक आहे. पॉलिप्रॉपिलीन रंग जवळपास शोषतच नाही, तिथे साबणपाण्यातच काम होऊन जातं. नायलॉन मात्र रंग धरून ठेवतो, तिथे चिकाटी लागते.

साबण आणि व्हिनेगरचं पाणी

अर्धा लिटर कोमट पाणी, भांडी घासायचं बिनरंगाचं लिक्विड 1 टीस्पून, पांढरं व्हिनेगर 1 टेबलस्पून. पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल इतकंच. गरम पाण्यानं डाग बसतो.

हे पाणी डागावर ओतायचं नाही. कापड बुडवून, पिळून, त्यानं डाग दाबून ओला करा. 5 मिनिटं थांबा आणि कोरड्या कापडानं टिपा. कापडाला गुलाबी छटा येतेय तोवर हेच चालू ठेवा. तीन-चार फेऱ्या लागणं सामान्य आहे. दोन फेऱ्यांत कापड सलग कोरं आलं की या पाण्याचं काम संपलं, उरलेल्या डागावर तेच करत बसण्यात अर्थ नाही.

मधेच डाग निळा-जांभळा किंवा राखाडी दिसू लागला तर घाबरू नका. वाइनचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो आम्लात लाल, आम्लपणा कमी झाला की जांभळा-निळसर होतो. डाग तोच आहे, फक्त वेषांतर. खायच्या सोड्याची पेस्ट थापल्यावर लाल डाग अचानक करडा होतो तो याचमुळे, आणि लोकांना वाटतं डाग निघतोय. निम्म्या वेळा तो फक्त रंग बदललेला असतो. सोडा वापरायचाच तर कृत्रिम धाग्यावर, ओलावा शोषायला, आणि वाळल्यावर व्हॅक्यूम करायला.

कपडे धुण्याची पावडर इथे नको. ती अल्कधर्मी असते, आणि तिच्यात कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं कार्पेटवर फिकट ठिपका सोडतात.

शेवटी साध्या पाण्यानं तसंच दाबून-टिपून साबण काढा. ही पायरी कंटाळून सोडली जाते आणि आठवड्याभरात तिथे काळपट वर्तुळ उमटतं. तो वाइनचा डाग नसतो, उरलेल्या साबणाला चिकटलेली धूळ असते.

तरीही गुलाबी छटा उरली तर

फिकट रंगाच्या कृत्रिम कार्पेटवर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं. ते रंग ओढून काढत नाही, रंगाचा रेणूच मोडतं. म्हणूनच ते कार्पेटच्या स्वतःच्या रंगालाही सोडेलच असं नाही. आधी कपाटामागे किंवा सोफ्याखाली दिसणार नाही अशा जागी दोन थेंब टाका, 10 मिनिटांनी पांढरं कापड दाबून रंग येतो का पाहा, आणि ती जागा पूर्ण वाळू द्या. ओली असताना उडालेला रंग लक्षात येत नाही.

प्रमाण: अर्धा कप पेरॉक्साइड, 1 टीस्पून भांड्यांचं लिक्विड. दोन भाग पेरॉक्साइडला एक भाग साबण असंही सुचवलं जातं, पण इतका साबण मग निघता निघत नाही. हातमोजे घाला. मिश्रण डागावर दाबून लावा, 20–30 मिनिटं ठेवा, टिपा. रंग फिका झाला पण गेला नाही तर आणखी एकदा, फार तर दोनदा. नंतर साध्या पाण्यानं धुऊन टिपा.

पेरॉक्साइड उजेडात निकामी होतं, म्हणून ते गडद बाटलीत येतं. पारदर्शक स्प्रे बाटलीत भरून ठेवलेलं आणि साबण मिसळून उरलेलं, दोन्ही फेकून द्या. बंद बाटलीत वायू साठून दाब वाढतो. 6 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घाला. केसांसाठीचं क्रीमसारखं पेरॉक्साइड नको, त्यातला स्निग्ध भाग कार्पेटमध्ये राहतो.

व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत कधीच मिसळू नका, त्यातून डोळ्यांना आणि श्वासाला जाचणारं पेरॅसेटिक आम्ल तयार होतं. व्हिनेगरनंतर पेरॉक्साइड लावणार असाल तर मध्ये साध्या पाण्याची एक फेरी हवीच. क्लोरीनचं ब्लीच तर या कामातून पूर्ण वगळा. व्हिनेगरबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबरही विषारी वायू तयार होतो, आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळते.

लोकर, रेशीम, व्हिस्कोस

लोकरीवर पेरॉक्साइड नको, सोडा नको, ऑक्सिजन ब्लीचची पावडरही नको. अल्कधर्मी पदार्थांनी लोकर कमकुवत होते आणि पिवळी पडते. थंड पाणी, लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड आणि 1 कप पाण्यात 1 टेबलस्पून व्हिनेगर, इतकंच. हेही जरा आधी कोपऱ्यात तपासून, कारण हातविणीच्या गालिच्यात गडद लाल किंवा निळा धागा ओला झाला की शेजारच्या पांढऱ्यात रंग सोडू शकतो.

व्हिस्कोस दिसायला रेशमासारखा, पण ओला झाला की त्याचा दम जातो. पाण्यानंही तो पिवळा पडतो, लव चिकटून बसते. अशा गालिच्यावर आणि रेशमावर कोरडं टिपून थांबा आणि गालिचा व्यावसायिकाकडे द्या. काय सांडलं आणि तुम्ही काय लावलं ते त्याला खरं सांगा. घरी काय काय प्रयोग झाले हे कळलं नाही तर पुढची पायरी त्याला अंदाजानं घ्यावी लागते.

वाळलेला डाग

आधी व्हॅक्यूम करा. मग साबण-व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेलं कापड डागावर 15–20 मिनिटं पसरून ठेवा, म्हणजे सुकलेली साखर आणि रंग पुन्हा सुटतील. त्यानंतर वरचंच टिपणं. जुन्या डागाची तपकिरी छटा साबणानं हटत नाही, तिथे धागा कृत्रिम आणि फिकट असेल तरच पेरॉक्साइड.

वाळवणं, म्हणजे खरी परीक्षा

संध्याकाळी स्वच्छ दिसलेली जागा सकाळी पुन्हा गुलाबी का होते? कार्पेट वरून वाळतं, तसा अस्तरातला ओलावा धाग्यातून वर चढतो आणि खाली राहिलेला रंग टोकाशी आणून ठेवतो. यावर उपाय एकच, तो रंग कापडात चढू द्यायचा. ओल्या जागेवर कोरड्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर जाडजूड पुस्तकं. प्लास्टिक विसरू नका, नाहीतर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा किंवा लोखंडी वजनाच्या गंजाचा नवा डाग पडेल. रात्रभर राहू द्या. सकाळी टॉवेलच्या खालच्या बाजूला गुलाबी ठिपका असेल तर युक्ती लागू पडली. टॉवेल काढून पंखा लावा, हेअर ड्रायर नको.

एवढं करूनही रंग वर आला तर नव्यानं सगळं भिजवू नका. फक्त टोकं ओलसर होतील इतकी फवारणी, टिपणं, पुन्हा टॉवेल. तागाचं अस्तर असलेल्या गालिच्यात जास्त पाणी मुरलं तर वर पिवळट-तपकिरी चट्टा उमटतो. तो वाइनचा नसून तागाचा असतो. 1 कप पाण्यात 1 टेबलस्पून व्हिनेगर घालून हलकी फवारणी करा, टिपा आणि झटपट वाळवा.

पूर्ण वाळल्यावर लव मऊ ब्रशनं एका दिशेनं उचला आणि व्हॅक्यूम करा. पेरॉक्साइडनं कार्पेटचाच रंग उडाला असेल तर मात्र तो धुऊन परत येत नाही. तेवढा भाग कापून, उरलेल्या तुकड्यातून किंवा कपाटाखालून घेतलेला तुकडा त्याच दिशेच्या लवेनं बसवावा लागतो.