खानदेशात डेंटल असिस्टंट व्हायचे असेल तर

बारावीनंतर शहादा, चोपडा किंवा साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी राहूनच आरोग्यक्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसमोर सहसा नर्सिंग आणि लॅब टेक्निशियन या दोनच वाटा ठेवल्या जातात. दातांच्या दवाखान्यातील सहायकाचे काम ही तिसरी वाट तितकीच खुली आहे, मात्र तिच्याविषयीची माहिती बहुधा जाहिरातींतून किंवा ऐकीव गोष्टींतून मिळते. म्हणून प्रवेशाची फी भरण्यापूर्वी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

पहिली बाब कायद्याची. दंतवैद्यक अधिनियम, १९४८ मध्ये दंतवैद्याखेरीज डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारा) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या व कॅप बनवणारा) या दोन वर्गांची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे होण्याची तरतूद होती. खुर्चीजवळ मदत करणारा सहायक त्या नोंदणीत नव्हता. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला असल्याने नियमांत बदल होत राहतील, तरीही आज बाजारात मिळणारे तीन किंवा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र हे काम शिकल्याचा दाखला असतो, उपचार करण्याचा परवाना नसतो, हे पक्के लक्षात ठेवावे. दात काढणे, पोकळी कोरणे, भूल देणे यांपैकी काहीही सहायकाने करायचे नसते, डॉक्टरांनी सांगितले तरी नाही. दूरच्या बाजारगावांत काही वर्षे मदतनीस राहिलेली माणसे स्वतःच खुर्ची मांडून बसल्याचे आढळते. तो बोगस व्यवसाय आहे आणि त्याची फळे रुग्णाला संसर्गाच्या रूपाने भोगावी लागतात.

शिकायचे कोठे

खानदेशात धुळ्याला एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे असून त्यांपैकी जळगाव जिल्ह्याला शेवटचे जवळ पडते. या संस्थांत सहायक, हायजिनिस्ट किंवा मेकॅनिक यांपैकी कोणता अभ्यासक्रम चालू वर्षी सुरू आहे, याची चौकशी प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन करावी. हायजिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो व त्यासाठी बारावी विज्ञान लागते. आरोग्यक्षेत्रातील कौशल्यांचे निकष ठरवणाऱ्या हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीतही डेंटल असिस्टंटची पात्रता ठरवलेली आहे. खासगी संस्था ‘शासनमान्य’ असे सांगत असेल तर मान्यता कोणाची, परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्रावर कोणाची सही असते, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे लेखी मिळत नसतील तर पैसे देऊ नयेत.

प्रत्यक्षात बहुसंख्य सहायक दवाखान्यातच तयार होतात आणि माझ्या मते त्यात वावगे काही नाही, फक्त दवाखाना निवडता आला पाहिजे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने अवजारे निर्जंतुक करणारे यंत्र) कोपऱ्यात झाकून ठेवलेला आहे की रोज चालतो, ते पाहावे. एका रुग्णाची अवजारे नुसती पाण्याखाली धरून दुसऱ्यासाठी वापरली जात असतील तर तेथे शिकण्यासारखे काही नाही. जेथे ठरलेल्या वारी जळगाव, धुळे किंवा नाशिकहून तारा बसवणारे, शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ येतात, असा दवाखाना पगार थोडा कमी असला तरी पत्करावा, कारण कवळीपासून इम्प्लांटपर्यंतची कामे एकाच जागी पाहायला मिळतात.

आधी निर्जंतुकीकरण, मग बाकीचे

नव्या सहायकाला खुर्चीशेजारी उभे राहण्याची घाई असते. परंतु त्याचा पहिला महिना मागच्या खोलीत जायला हवा. वापरलेली अवजारे आधी जाड हातमोजे घालून धुणे, ब्रशने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करणे, कोरडी करणे, पाऊचमध्ये बंद करणे आणि त्यानंतरच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवणे, हा क्रम कधीही मोडू नये, कारण रक्त किंवा लाळ चिकटून राहिलेल्या अवजाराच्या पृष्ठभागापर्यंत वाफ नीट पोहोचत नाही. १२१ अंश सेल्सिअस तापमानाला, साधारण १५ पौंड दाबाखाली, किमान १५ ते २० मिनिटे लागतात आणि पाऊचमधील साहित्याला त्याहून जास्त. ही मिनिटे बटण दाबल्यापासून नव्हे, तर तापमान गाठल्यापासून मोजायची असतात. मध्येच वीज गेली तर चक्र पहिल्यापासून सुरू करावे लागते, उरलेली मिनिटे नंतर जोडून चालत नाही. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर सकाळी लवकर येऊन पहिला घाणा काढून ठेवणारा सहायक डॉक्टरांना हवाहवासा वाटतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी यंत्रात भरू नये. डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, अन्यथा क्षार साचून यंत्र लवकर निकामी होते.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्ताळलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व तोंडातील लाळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात जातात. सुईला दोन्ही हातांनी टोपण लावणे हे अपघाताचे मोठे कारण आहे. टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. तरीही सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगून शासकीय रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तो पहिल्या दोन तासांतच सुरू व्हावे लागते. धडगाव-मोलगीच्या बाजूला रस्त्यातच वेळ जातो, म्हणून हे औषध जवळ कोठे मिळते याची चौकशी आधीच करून ठेवावी. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घ्यायचे असतात. नोकरी ठरताच पहिला डोस घ्यावा.

खुर्चीशेजारचे काम

सक्शनची नळी कोठे धरायची, गाल व जीभ कशी बाजूला ठेवायची, डॉक्टरांनी हात पुढे करताच पुढचे अवजार नेमके त्यांच्या बोटांत कसे द्यायचे, हे पाहून शिकावे लागते. रूट कॅनालच्या फाइल्स (दाताच्या मुळातील पोकळी साफ करण्याची बारीक अवजारे) क्रमाने लावणे, सिमेंट योग्य घट्टपणाचे कालवणे आणि दातांचे माप घेण्यासाठी अल्जिनेट ही पूड पाण्यात कालवून तयार करणे, यांना मात्र सराव लागतो. अल्जिनेट गरम पाण्यात लवकर आवळते. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि टाकीचे पाणी तापलेले असते, अशा वेळी थंड पाणी वापरले नाही तर ट्रे तोंडात जाण्यापूर्वीच मिश्रण घट्ट होते. घेतलेले माप उघडे राहिल्यास सुकून आकसते, म्हणून ते ओलसर कापडात ठेवून लवकरात लवकर त्यात प्लास्टर ओतावे. एक्स-रे काढताना सेन्सर रुग्णाच्या तोंडात आपल्या बोटाने धरून उभे राहण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते; ती धोक्याची असून त्यासाठी होल्डर मिळतो. सहायकाने किमान सहा फूट दूर किंवा आडोशाला असावे.

रुग्णाशी बोलणे हा या कामाचा वेगळाच भाग आहे आणि येथे स्थानिक मुलामुलींना फार मोठी सोय आहे. अमळनेर-चाळीसगावकडे अहिराणी, यावल-रावेरला लेवा बोली, शिरपूर-शहाद्याच्या सातपुड्यालगत पावरी, नवापूरला मावची ज्याला येते, त्याला रुग्ण खरी माहिती देतो. मिश्री लावता का, असे डॉक्टरांनी प्रमाण मराठीत विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारी आजीबाई ओळखीच्या बोलीत विचारल्यावर कबूल करते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी तोंड पुरेसे न उघडणारे तरुण रुग्ण येतच असतात. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत अशी तक्रार कोणी केल्यास ती कागदावर लिहून डॉक्टरांच्या पुढे ठेवावी. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी आणि गरोदरपण यांची विचारणा सर्वत्र होते, परंतु नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही प्रश्न न चुकता विचारावा. अशा रुग्णाला दाताचा संसर्ग, वेदना आणि ताण यांतूनच आजार बळावण्याची भीती असते, त्यामुळे उपचाराचे नियोजन बदलते.

नोकरी आणि पगार

नोकऱ्या मुख्यतः खासगी दवाखान्यांत असतात. लहान दवाखान्यात भविष्य निर्वाह निधी सहसा मिळत नाही, कारण तो कायदा साधारणतः २० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेपासून लागू होतो. म्हणून सुट्टी, कामाचे तास, वार्षिक वाढ आणि लसीचा खर्च हे मुद्दे सुरुवातीलाच ठरवून घ्यावेत. पगार रोख न घेता बँकेत जमा करून मागावा, पुढे अनुभव सिद्ध करताना त्याचा उपयोग होतो. शासकीय बाजूला राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून दंत पथकासाठी कंत्राटी मनुष्यबळाची तरतूद असते आणि त्यात सहायकाचाही समावेश आहे. जागा थोड्या व मुदतीच्या असतात, तरीही जिल्हा परिषद आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळांवरील जाहिराती नियमित पाहाव्यात.

ज्याने बारावी विज्ञान केले आहे, त्याने दोन-तीन वर्षे अनुभव घेऊन हायजिनिस्टकडे वळणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. नोंदणी मिळते आणि दात साफ करण्यासारखे काम कायदेशीरपणे स्वतःच्या हातून होते. हाताने बारीक काम करण्याची आवड असल्यास मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेऊन कवळ्या व कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये जाता येते. कोणतीही वाट धरली तरी दर वर्षाअखेरीस डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह, कामाचे स्वरूप व तारखा नमूद केलेला अनुभवाचा दाखला घ्यावा आणि तो जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व लसीकरणाची नोंद यांच्यासोबत एकाच फायलीत ठेवावा, कारण कंत्राटी भरतीच्या जाहिरातीला बहुधा थोड्याच दिवसांची मुदत असते.