पोकेमॉन फायररेड पहिल्यांदा खेळताय? मग हे आधी वाचून घ्या

माझ्या भाच्याने परवा फायररेड सुरू केला, सगळ्यांसारखा सुरुवातीला चारमँडर (फायर टाईपचा पोकेमॉन) घेतला आणि पहिल्याच जिममध्ये (लढाईचा अड्डा) तिथल्या प्रमुखाकडून, म्हणजे ब्रॉककडून, चार वेळा मार खाल्ला, पोरगं रडकुंडीला आलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. गेम २००४ चा आहे, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा, १९९६ च्या जुन्या गेमवरून नव्याने बनवलेला, पण यात लपवलेल्या गोष्टी इतक्या आहेत की घाईघाईत खेळलात तर निम्मा गेम बघायचाच राहून जातो.

अगदी पहिलं काम म्हणजे घराबाहेर पडायच्या आधी तुमच्या खोलीतला पीसी उघडा, आत एक पोशन (जखमी पोकेमॉनला बरं करणारं औषध) आहे. रूट १ वर दुकानातला एक माणूस उभा असतो, त्याच्याशी बोललात की अजून एक फुकट मिळतं. दिसेल त्याच्याशी बोलत चला, या गेममध्ये बोलल्याशिवाय काही मिळत नाही.

आता ब्रॉक. त्याच्याकडे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोन्ही रॉक टाईप. बल्बासॉर (ग्रास टाईप) किंवा स्क्वर्टल (वॉटर टाईप) घेतला असेल तर टेन्शन नाही, हे दोन्ही रॉकला भारी पडतात. चारमँडर असेल तर व्हिरिडियन सिटीच्या डावीकडे रूट २२ आहे, तिथल्या गवतात मँकी सापडतो, तो पकडा (जाण्याआधी सेव्ह करा, कारण तिथे पुढे सरकलात की तुमचा रायव्हल (प्रतिस्पर्धी) लढायला येतो). मँकी लो किक ही मूव्ह (हल्ला) लवकर शिकतो आणि लो किकचं गणित असं की समोरचा जेवढा वजनदार तेवढा फटका जोरात, ऑनिक्सचं वजन २१० किलो, म्हणजे पूर्ण ताकदीने बसते. शिवाय चारमँडर लेव्हल १३ ला मेटल क्लॉ शिकतो, तोही रॉकवर चांगला चालतो, तेवढी लेव्हल करूनच आत जा.

आणि आता ती गोष्ट जी मला स्वतःला कित्येक वर्षं माहीत नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या गेममध्ये हल्ल्याची ताकद पोकेमॉनच्या अटॅक या आकड्यावर ठरणार की स्पेशल अटॅकच्या, हे त्या मूव्हच्या टाईपवरून ठरतं. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आईस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क हे सगळे स्पेशल, बाकीचे सगळे फिजिकल (म्हणजे अटॅकवर चालणारे). नंतरच्या गेममध्ये हे बदललं, त्यामुळे तिकडून आलेल्यांची इथे हमखास गडबड होते. उदाहरणार्थ गॅराडोस. माऊंट मूनच्या आधी पोकेमॉन सेंटरमध्ये एक माणूस ५०० ला मॅजिकार्प विकतो, बिनधास्त घ्या, लेव्हल २० ला त्याचा गॅराडोस होतो. पण गॅराडोसचा बेस अटॅक १२५ आणि स्पेशल अटॅक फक्त ६०, म्हणून वॉटर टाईप असूनही सर्फ या वॉटर मूव्हपेक्षा स्ट्रेंग्थ ही साधी फिजिकल मूव्ह त्याच्याकडून बऱ्याचदा जास्त लागते. कुठलीही मूव्ह शिकवताना आधी त्या पोकेमॉनचे आकडे उघडून बघा, खूप फरक पडतो.

व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक बाई व्हीएस सीकर देते, १०० पावलं चाललात की तो चार्ज होतो आणि तुम्ही आधी ज्यांना हरवलंत ते ट्रेनर परत लढायला तयार होतात, पैसा आणि लेव्हल दोन्हीची सोय. तिथल्या जिममध्ये कचऱ्याचे डबे उघडत बसावं लागतं, पहिला स्विच सापडला की दुसरा शेजारच्याच डब्यात असतो, लांब जाऊ नका.

सेलाडॉन मॅन्शनमध्ये खाली एक आजी चहा देतात, तो सॅफ्रनच्या वाटेवरच्या गार्डला दिला तरच आत सोडतात. त्याच बिल्डिंगला मागूनही दार आहे, तिथून वरपर्यंत गेलात की ईव्ही नावाचा पोकेमॉन मिळतो, फुकट!

लपवलेल्या वस्तूंसाठी आयटमफाईंडर लागतो. ३० प्रकारचे पोकेमॉन पकडले की रूट ११ च्या गेटवर वरच्या मजल्यावर प्रोफेसर ओकचा असिस्टंट तो देतो, म्हणून सुरुवातीपासून दिसेल ते नवीन पकडत जा, अगदी रटाटासुद्धा. आणि तो हातात आला की जिथे आधी कोणीतरी होतं आणि आता जागा रिकामी आहे, तिथे जाऊन वापरा. रूट १२ आणि रूट १६ वर स्नॉरलॅक्स हा पोकेमॉन रस्ता अडवून झोपलेला असतो ना, तो गेल्यावर बरोब्बर त्याच जागेवर उभे राहा, दोन्हीकडे लेफ्टओव्हर्स मिळतात, दर टर्नला थोडा एचपी (पोकेमॉनचा जीव) परत देणारे, अख्ख्या गेममधली माझी सगळ्यात आवडती वस्तू. (स्नॉरलॅक्सला पकडण्याआधी चुकून बेशुद्ध पाडू नका, असे दोनच आहेत, आधी सेव्ह.) तसंच शेवटच्या जिममध्ये तिथला प्रमुख जिओव्हानी जिथे उभा असतो त्या जागेवर माचो ब्रेस ही वस्तू.

राहिला व्हर्मिलियनच्या बंदरावरचा तो ट्रक. एसएस ॲन जहाजाजवळ सर्फ करून (पोकेमॉनवर बसून पाण्यातून) गेलं की दिसतो, आणि त्याच्याखाली म्यू हा दुर्मिळ पोकेमॉन आहे ही अफवा जुन्या गेमपासून चालत आलीय. म्यू नाहीये तिथे, कितीही ढकला. पण बनवणाऱ्यांना ती अफवा नक्की माहीत असणार, कारण फायररेडमध्ये त्यांनी त्या ट्रकजवळ एक लाव्हा कुकी लपवून ठेवलीय. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं नाही, त्याला स्वतःलाच सापडू दे.