अंधेरी-गोरेगावात साउंडचं काम करायचंय? सुरुवात अशी करा

परीक्षा संपल्या की सातारा, सांगली, लातूर, नांदेडकडून मला फोन यायला लागतात. घरच्या लॅपटॉपवर आवाजाचं थोडंफार काम करून पाहिलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, मुंबईत यायचंय, इंडस्ट्रीत शिरायचं कसं?" मी डायलॉग एडिटर आहे. सिनेमा, मालिका, वेब सिरीजमधले संवाद साफ करायचे, टेक जुळवायचे आणि मिक्सिंगच्या टेबलापर्यंत नीट पोचवायचे, हे माझं काम. बरीच वर्षं ते अंधेरी पश्चिमेत करते आहे. त्यामुळे खालचं सगळं साउंडपुरतं आहे, पण एडिटिंग आणि व्हीएफएक्सकडे जाणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, "इंडस्ट्रीत यायचंय" असं कुणाला सांगू नका. कोणत्या टेबलावर बसायचंय ते सांगा. लोकेशन साउंड, डायलॉग एडिट, डबिंग रेकॉर्डिंग, फोली (चित्र बघत पावलांसारखे आवाज वाजवून रेकॉर्ड करणं), इफेक्ट्स, मिक्सिंग ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि ती करणारी माणसंही वेगळी. "मला डायलॉग एडिटला असिस्ट करायचंय" म्हणालात तर समोरच्याला लगेच दोन नावं आठवतात. "काहीही चालेल" म्हणालात तर एकही आठवत नाही.

हा पट्टा का?

अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड. पश्चिम रेल्वेच्या या पाच स्टेशनांच्या आजूबाजूला सिनेमा आणि टीव्हीचं जेवढं काम दाटलंय तेवढं देशात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि ते एका दिवसात जमलेलं नाही. मालाडला 1934 साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावला 1943 मध्ये फिल्मिस्तान. 1977 मध्ये राज्य सरकारने गोरेगाव पूर्वेला चित्रनगरी वसवली, तीच आजची दादासाहेब फाळके चित्रनगरी. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी होतीच, 1973 मध्ये सीप्झ हे निर्यात उद्योगांचं क्षेत्र आलं. मग 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला, मागोमाग इतर वाहिन्या आल्या आणि पुढे रोजच्या मालिकांचं युग आलं. रोज एपिसोड म्हणजे रोज एडिट, रोज डबिंग, रोज मिक्स. ते करणाऱ्यांना सेटपासून लांब राहून चालणारच नव्हतं. लिंक रोड, वीरा देसाई रोड, लक्ष्मी इंडस्ट्रियल इस्टेट इथल्या गाळ्यांमध्ये एडिट रूम आणि डबिंग रूम थाटल्या गेल्या त्या यामुळे.

या जवळिकीचा उपयोग काय, ते एका रात्रीच्या मिक्सवरून सांगते. तिसरी रील, म्हणजे सिनेमाचा तिसरा भाग, चालू आहे. दिग्दर्शिकेच्या लक्षात येतं की नायिका वाड्यातून चालते तेव्हा तिच्या पायात चपला आहेत, पण फोलीतली पावलं अनवाणी आहेत. फोली आर्टिस्ट ओशिवऱ्याला राहतो, फोली रूम दोन गल्ल्या सोडून आहे. त्याला फोन जातो, तो येतो, कोल्हापुरी चपला हातात घालून दगडी फरशीवर तेवढी पावलं वाजवतो. असिस्टंट डिस्क घेऊन रिक्षाने येते. मिक्सरने तोवर चौथी रील सुरू केलेली असते. तो मागे येऊन नवी पावलं बसवतो. त्याच सीनमध्ये एक ओळ बदलायची ठरली, तर अभिनेता वर्सोव्यात असतो आणि सकाळी शूटला जाण्याआधी डबिंग करून जातो. दुसऱ्या शहरात एवढ्यासाठी दोन दिवस गेले असते, किंवा नायिका अनवाणीच चालली असती.

2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा अनेक मालिकांची युनिटं गोवा, गुजरात, हैदराबादला गेली. फुटेज मात्र दर रात्री इकडेच येत होतं. सेट हलवता येतो. शंभर वेगवेगळ्या कामांत मुरलेली माणसं एकदम हलवता येत नाहीत. या पट्ट्याचं बळ तेच आहे आणि तुम्ही इथे येताय ते त्याच्यासाठी. म्हणून आल्यावर फक्त स्वतःच्या टेबलाला चिकटून राहू नका. शेजारच्या खोलीत फोली चालू असेल तर विचारून जाऊन बसा. कलर ग्रेडिंगवाल्याशी चहा प्या. पुढचं काम बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतूनच येतं.

घरून निघण्याआधी

पुण्यात एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आहे, 1960 पासून. तिथला साउंडचा पूर्ण अभ्यासक्रम मिळाला तर डोळे झाकून घ्या. नाही मिळाला तर त्यांचे छोटे कोर्सही चांगले असतात. गोरेगावच्या चित्रनगरीतच व्हिसलिंग वूड्स ही खासगी फिल्म संस्था आहे, पण फी सगळ्यांना झेपणारी नाही. "सहा महिन्यांत नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: रूममध्ये एका विद्यार्थ्याला एकट्याने किती तास बसायला मिळतं, आणि शिकवणाऱ्याचं नाव गेल्या वर्षभरात कोणत्या श्रेयनामावलीत आलंय. उत्तर गुळमुळीत असेल तर उठून या.

प्रो टूल्स हे आवाजाचं सॉफ्टवेअर यायलाच हवं, इथे सगळं त्याच्यावर चालतं. आवाज 48 किलोहर्ट्झला, सिनेमा साधारण सेकंदाला 24 फ्रेमला, टीव्ही 25 ला. एडिटरकडून एएएफ, म्हणजे कापलेल्या आवाजाची फाइल, येते; ती उघडून चित्राशी सिंक आहे की नाही तपासता आलं पाहिजे. लाउडनेस मोजायला शिका: युरोपीय प्रसारणाचं मानक उणे 23 एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) आहे, नेटफ्लिक्स संवादांवर मोजून उणे 27 मागतं आणि त्यात 2 ची मुभा देतं. हे आकडे पाठ असून भागत नाही. मीटर लावून स्वतःचं काम त्या आकड्यात आणून पाहा, म्हणजे कानाला कळतं.

आता खरा सराव. दोन माणसांचा चार मिनिटांचा संवाद घरात रेकॉर्ड करा. एकाचे शॉट पंखा बंद ठेवून घ्या, दुसऱ्याचे खिडकी उघडी ठेवून. मग ते सीनसारखे कापा. प्रत्येक कटवर मागचा आवाज उडी मारेल: इकडे शांतता, तिकडे लांबवरची मोटरसायकल. डायलॉग एडिटरचं निम्मं आयुष्य ही उडी घालवण्यात जातं. दोन्ही शॉटखाली एकसारखी हवा अंथरावी लागते, तिला आम्ही रूम टोन म्हणतो. लोकेशनवाल्याने युनिटला अर्धा मिनिट गप्प बसवून ती रेकॉर्ड केली असेल तर उत्तम. पण घाईत ती राहून जाते, मग शोधावी लागते: "अॅक्शन" म्हटल्यावर आणि पहिल्या शब्दाआधी जो क्षण असतो तिथे, नाहीतर नटाने वाक्याच्या मध्ये घेतलेल्या विसाव्यात. अर्ध्या सेकंदाचे असे तुकडे वेचून, एकमेकांत विरघळवून सलग हवा करायची. आरएक्ससारखी सॉफ्टवेअरं गोंगाट झटक्यात कमी करतात, येत्या काळात आणखी करतील. म्हणूनच नुसतं साफ करता येतं एवढ्यावर काम मिळणार नाही. जास्त साफ केल्यावर माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कुठे थांबायचं ते तुमच्या कानाला कळायला हवं.

आणि तुमच्याकडे एक भांडवल आहे, त्याची किंमत ओळखा. संवाद दुरुस्त करताना आम्ही चांगल्या टेकमधलं एखादं अक्षर दुसऱ्या टेकमधून आणून बसवतो. "वेळ" मधला ळ माइकच्या घासण्याखाली दबला असेल तर चौथ्या टेकमधला ळ उचलायचा. मराठी न येणाऱ्या एडिटरला तो ळ दबलाय हेच कळत नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीचा हेल तर लांबच. मराठी मालिका आणि सिनेमे इथे सतत चालू असतात, वर मराठीत डब होणारं कामही वाढलंय. लहानपणापासून जी बोली कानावर पडली ती या टेबलावर कामाला येते. ती लपवून "स्टँडर्ड" व्हायच्या मागे लागू नका.

पहिलं काम मिळवताना

आराम नगरमध्ये चकरा मारू नका. तिथे ऑडिशन असतात, ते नटांचं ठिकाण. तुमची यादी श्रेयनामावलीत आहे. तुम्हाला ज्यांचा आवाज आवडला अशा मराठी सिनेमांची शेवटची पाटी थांबवून साउंडच्या माणसांची नावं लिहून काढा. मोठ्या नावाच्या खालची, असिस्टंट आणि असोसिएट म्हणून आलेली नावं जास्त महत्त्वाची, कारण हात कमी पडल्यावर शोधाशोध तीच माणसं करतात. मेसेज छोटा ठेवा: "नमस्कार, मी लातूरची. तुमच्या सिनेमातला बाजाराचा सीन ऐकला, गर्दीतही दोघींचं बोलणं स्वच्छ पोचतं. मी डायलॉग एडिट शिकते आहे, आधी-नंतरचा दोन मिनिटांचा नमुना जोडला आहे. असिस्टंट हवा असेल तर कळवा." बस. स्वतःची जीवनकहाणी नको. आधी-नंतरचा नमुना मात्र हवाच, कारण तो ऐकायला दोन मिनिटं लागतात आणि त्यातून सगळं समजतं.

सुरुवात मालिकेच्या किंवा डबिंगच्या रूमवर झाली तर नाक मुरडू नका. तिथे वेग येतो, ट्रॅकला नीट नावं द्यायची, रोज बॅकअप घ्यायचा, व्हर्जनचा घोळ होऊ द्यायचा नाही ही शिस्त लागते. नंतर सिनेमावर गेलात की ती शिस्त तुम्हाला तारते. परदेशी प्लॅटफॉर्मचं काम करणाऱ्या बऱ्याच स्टुडिओंमध्ये फोन लॉकरमध्ये जातो, पेन ड्राइव्ह चालत नाही, कामाचं मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं. सीनचा फोटो तर सोडाच, काय काम करताय तेही बाहेर बोलायचं नाही. ते मनापासून पाळा.

राहायला एकट्याने अंधेरी पश्चिम सुरुवातीच्या पगारात परवडत नाही. तिघाचौघांत जोगेश्वरी, गोरेगाव किंवा मालाड पाहा. दहिसर ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो 2ए जानेवारी 2023 पासून पूर्ण धावते. ती लिंक रोडवरून जाते म्हणजे बहुतेक स्टुडिओंच्या दारावरूनच. वसई-विरार स्वस्त आहे, पण मिक्स मध्यरात्रीनंतर संपला तर पहाटेच्या लोकलपर्यंत अडकाल. मुलींना माझं स्पष्ट सांगणं: रात्रीची शिफ्ट स्वीकारतानाच घरी सोडायला गाडी मागून घ्या. मागणं हा हक्क आहे, आणि चांगल्या स्टुडिओंमध्ये त्यावर कुणी भुवया उंचावत नाही.

युनियनच्या कार्डाचा प्रश्न लोकेशनवर लवकर येतो, पोस्ट-प्रॉडक्शनच्या, म्हणजे शूटनंतरच्या कामाच्या रूममध्ये सहसा उशिरा. एफडब्ल्यूआयसीई या सिने-कामगारांच्या फेडरेशनखाली साउंडवाल्यांची आणि एडिटर्सची वेगवेगळी संघटना आहे. काम सुरू झालं की वरिष्ठांबरोबर जाऊन सदस्यत्वाची चौकशी करा. वाद झाला तर मागे उभं राहणारं कुणीतरी असतं.

पैशाचं

यावर मला जास्त बोलायचंय, कारण गुणी मुलं इथेच हरून परत गेलेली पाहिली आहेत. टीव्हीत 90 दिवसांनी पैसे देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की लोक तिला नियम समजतात. मालिका बंद पडून गेली आणि माझे शेवटच्या एपिसोडांचे पैसे त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आले, असंही झालंय. तेव्हापासून मी पहिलं बिल देण्याआधीच कागद तयार ठेवते.

स्वतंत्रपणे काम करत असाल तर उद्यम नोंदणी करा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, हा 2006 चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं आणि तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. एप्रिल 2024 पासून तर वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम समोरच्या कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंटंटच आठवण करून देतात. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. दर तीन महिन्यांनी आयकराच्या संकेतस्थळावर 26एएस हे विवरण उघडून तुमचा कापलेला टीडीएस खरंच जमा झाला का ते बघा. जीएसटीची सक्ती सेवांसाठी वार्षिक 20 लाखांपुढे होते, पहिल्या वर्षी त्याची चिंता नको.

काम सुरू होण्याआधी ईमेलवर चार गोष्टी लिहून घ्या: किती रील किंवा एपिसोड, कट लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचं एडिट पक्कं झाल्यावर, बदल झाले तर त्याचे वेगळे किती, आगाऊ रक्कम, आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार. शेवटचं सगळ्यात जास्त वेळा राहतं. दिग्दर्शक कितीही आपुलकीने बोलत असला तरी ईमेल पाठवा. नम्रपणे लिहिलेल्या ईमेलने नातं बिघडत नाही, थकलेल्या पैशाने बिघडतं.

कायमचं इथेच राहावं लागतं असंही नाही. कोल्हापूरला चित्रनगरी आहे, तिकडे चित्रीकरण चालतं, आणि ओळखी पक्क्या झाल्यावर डायलॉग एडिट गावाकडून करणारे माझे सहकारी आहेत. सेशन, म्हणजे प्रो टूल्समधलं काम, नेटवरून येतं, काम करून परत जातं. फायनल मिक्सला मात्र ते इकडे येतात, कारण थिएटरच्या मापाने बांधलेल्या खोलीत ऐकल्याशिवाय खालच्या पट्टीतला घुमारा कळत नाही. घरून करायचं असेल तर आधी दोन-तीन वर्षं या पट्ट्यात काढा, चार मिक्सरना तुमचं सेशन उघडल्यावर हायसं वाटू द्या, मग खुशाल जा.

पहिल्या दिवशी स्वतःचे बंद कानांचे हेडफोन आणा, लेबल लावलेली रिकामी डिस्क आणा, एक वही आणा. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण संध्याकाळी अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाची रांग लांब असते.