पाटणादेवीच्या जंगलात घरच्यांसोबत एक दिवस : कधी निघायचं, काय न्यायचं, काय बघायचं

पाटणादेवीला जाणारे बरेच जण देवीचं दर्शन घेतात, झाडाखाली जेवतात आणि परत फिरतात. त्यात वाईट काही नाही. पण आपण २६० चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात बसून भाकरी खातोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं आणि चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवरचं पाटणा हा त्याचा खानदेशातला उंबरठा.

निघण्याआधी पोरांना एक गोष्ट नीट सांगा : इथे पिंजरे नाहीत. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, रानडुक्कर, साळिंदर हे सगळे या जंगलात आहेत, पण दिवसाउजेडी माणसांच्या गलबल्यात बिबट्या दिसणं जवळजवळ नाहीच. बिबट्या दाखवायचं कबूल केलंत तर अकरा वाजता रुसलेलं पोर सांभाळावं लागेल. त्यापेक्षा 'आज आपण पावलं शोधायची' असं सांगा. ती नक्की सापडतात.

सहलीचा उत्तम काळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि केदारकुंडाचा धबधबा कोसळतो, पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाल्याला अचानक लोंढा येतो. पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून येऊ लागला की लगेच काठावर या. एप्रिल-मे लहान मुलांसाठी सोडूनच द्या. पारा चाळिशीच्या वर जातो आणि पानगळीचं जंगल असल्यानं सावलीही उरत नाही. नवरात्रात देवीला गर्दी असते. तेव्हा जंगल बघायला जाऊ नये, दर्शनालाच जावं.

सकाळी साडेसात-आठपर्यंत पाटण्यात पोचायला हवं. धुळेकरांना ते जमतं. जळगावकरांना चाळीसगावपर्यंतच दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचला निघा किंवा आदल्या रात्री चाळीसगावात मुक्काम करा. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्कासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेंज गृहीत धरू नका. डोंगरवाटांवर जायचं असेल तर नाक्यावरच स्थानिक वाटाड्याची चौकशी करा.

पाणी : हिवाळ्यातही मोठ्या माणसाला तीन लिटर, मुलाला दोन लिटर, शिवाय गाडीत पाच लिटरचा कॅन. नाल्याचं पाणी पिऊ नका. जेवणात टिकणारं न्या. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, कळण्याची भाकरी, कोरडा ठेचा, शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत उत्तम राहतात. भरीत कितीही आवडत असलं तरी बंद डब्यात, उन्हातल्या गाडीत ते आंबूस होतं. केळी मात्र गाडीतच खा. जळगावच्या माणसाला केळी नेऊ नका म्हणणं अवघड आहे, पण मंदिराजवळच्या वानरांना ती लांबूनच कळतात. प्लास्टिकच्या पिशवीचा खुळखुळाट झाला तरी ती येतात. पदार्थ कापडी पिशवीत, चेन लावलेल्या सॅकमध्ये ठेवा. वानराला खाऊ देऊ नका. एकदा हातून मिळालं की पुढच्या पोराच्या हातातून ते हिसकावून घेतं. हिसकावलंच, तर ओढाताण न करता सोडून द्या.

पायात बंद बूट आणि अंगात फुल पँट. पावसाळ्यानंतरच्या वाळल्या गवतात कुसळं असतात. लोकरी किंवा जाड सुती मोज्यांत ती घुसून टोचत राहतात, म्हणून मोज्यांवरून पँट खाली ओढा. कपडे मातकट रंगाचे ठेवा. अत्तर, सेंट लावू नका, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि दगड या तीन गोष्टींनी माश्या उठतात, त्यामुळे चूल, फटाके, बिडी काहीच नको. उठल्याच तर हात झाडू नका, पाण्यात उडी मारू नका (त्या वर घिरट्या घालत थांबतात). तोंड-डोकं कापडानं झाकून सरळ गाडी गाठा आणि काचा बंद करा. काटा नखानं खरवडून लगेच काढा. खूप डंख झाले किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

आता पावलं. जागा : कोरड्या नाल्याची वाळू, पाणवठ्याकाठचा चिखल, वाटेच्या कडेची धूळ. नऊनंतर माणसांच्या चपलांनी सगळं पुसलं जातं. सोबत सहा इंची पट्टी ठेवा आणि फोटो काढताना ती ठशाशेजारी ठेवा, नाहीतर घरी आल्यावर मांजर की बिबट्या हा वाद मिटत नाही. ठसा गोलसर, चार बोटं, नखांची खूण नाही आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगीर भाग, तर तो मांजरकुळातला. सात-आठ सेंटिमीटर रुंद असेल तर बिबट्या, तीन-चार असेल तर रानमांजर. नखं उमटलेली असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. पाच बोटं आणि बोटांपुढे लांब नखांच्या रेघा म्हणजे अस्वल. दोन खुरांच्या मागे बाजूला दोन छोट्या खुणा चिखलात उमटल्या असतील तर बहुधा रानडुक्कर. एकाच ठिकाणी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर नीलगाय. ती त्याच जागी पुनःपुन्हा येते. वाळून पांढरीफटक पडलेली विष्ठा तरसाची, हाडं खाल्ल्यामुळे तो रंग येतो. मुलांनी काडीनं उकरून बघावं, हातानं नाही. साळिंदराचा काटा सापडला तरी खिशात घालू नका. जंगलातून काही उचलून न्यायचं नसतं.

ठसा अगदी ताजा वाटला तर मुलांना मधे घ्या, पळू नका, नेहमीच्या आवाजात बोलत मागे फिरा. शांतता पाळा असं सगळे सांगतात, पण दाट झुडपात आणि खडकांच्या फटींपाशी थोडं बोलत चालणंच बरं, कारण अचानक समोर आलेलं अस्वल बिथरतं.

अकरानंतर ऊन चढलं की चंडिकादेवीच्या, म्हणजेच पाटणादेवीच्या, दगडी मंदिराच्या गारव्यात या. पाटण्याच्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची आणि त्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाची नोंद आहे. गणिताला कंटाळणाऱ्या पोरांना तेवढं जरूर सांगा. पितळखोऱ्याची लेणी इथून चढून गाठता येतात, पण लहान मुलं असतील तर तो बेत नको. ती कन्नडच्या बाजूनं पायऱ्या उतरून, वेगळ्या दिवशी बघा.

कुंडात कुणालाही पोहू देऊ नका; तळाचे खडक दिसत नाहीत आणि शेवाळावरून पाय सरकतो. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काहीही करू नका. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर वाट न बघता गाडीतून चाळीसगावकडे निघा.

चारला आवरायला घ्या, अंधाराआधी नाका ओलांडा. गाडीत बसण्यापूर्वी मुलांच्या घोट्यांवर, गुडघ्यांमागे आणि कानांमागे गोचीड बघा. दिसली तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. मोजे घरी तसेच मशिनमध्ये टाकू नका. आधी कुसळं वेचा, नाहीतर ती सगळ्या कपड्यांत शिरतात.